एक पत्ता, एक ओळ, उद्याचं एक काम

मकर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले भाविक, मानाचे सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना होणारा तैलाभिषेक हे सगळं त्या दिवसांत अवघं शहर डोळे भरून पाहतं. पण उंच आणि जड नंदीध्वज उभा पेलत गर्दीतून चालायचं, तर कंबर, खांदे आणि तोल यांची तयारी लागते. ती एका दिवसात होत नाही. यात्रेच्या कितीतरी आधीपासून नंदीध्वज पेलण्याचा सराव चालू असतो. यात्रेला लाखो डोळे असतात, सरावाला मोजके.

तुमचाही असा एखादा सराव चालू असेल. कोणी तबला शिकत असेल, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असेल, कोणी शेजाऱ्यांशी बोलता यावं म्हणून कन्नड किंवा तेलुगू शिकत असेल, कोणी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम करत असेल. या सगळ्यांची अडचण एकच. आजच्या मेहनतीचं फळ आज दिसत नाही, आणि उद्याही दिसेलच असं नाही. मग दोनपैकी एक गोष्ट होते. माणूस उतावळा होऊन पुढच्या पायरीवर उडी मारतो, किंवा सराव हाताने चालू राहतो आणि लक्ष त्यातून निघून जातं. दोन्हींवर उपाय एकच आहे. रोज थोडा वेळ थांबून आज नेमकं काय केलं, कुठे अडलो आणि उद्या काय करायचं, हे स्वतःला विचारणं आणि वहीत लिहिणं.

हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात वही समोर घेतली की काय लिहावं सुचत नाही. पहिले दोन-तीन दिवस उत्साहाने लिहिलं जातं, मग ‘आज ठीक झालं’ एवढ्यावर येऊन वही मिटते. मनाला रोज नवा प्रश्न लागतो. तो प्रश्न बाहेरून समोर ठेवण्यासाठी टॅरोच्या पत्त्यांचा चांगला उपयोग होतो. कसा, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो.

आधी पत्त्यांची ओळख

टॅरो म्हणजे ७८ पत्त्यांचा कॅट. त्यातले २२ पत्ते मोठ्या चित्रांचे असतात. त्यांना मेजर आर्काना म्हणतात. उरलेले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत विभागलेले असतात: काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि चार दरबारी पत्ते. आपल्या कॅटमध्ये गुलाम, राणी, राजा असे तीन असतात. इथे पेज, नाईट, राणी आणि राजा असे चार.

हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आले, ते खेळण्यासाठी. तिथल्या सरदार घराण्यांनी सोनेरी मुलाम्याचे कॅट रंगवून घेतले. त्यांच्यावरून भविष्य सांगायची प्रथा फोफावली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान दडलं असल्याचा दावा केला. त्याला पुरावा नव्हता, पण कल्पना लोकांना आवडली आणि रुजली. आज सर्वांत जास्त वापरला जाणारा कॅट १९०९ साली लंडनमध्ये रायडर या प्रकाशनाने काढला. त्याची आखणी आर्थर वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. जुन्या बहुतेक कॅटमध्ये लहान पत्त्यांवर नुसते पाच पेले किंवा सात काठ्या असत. स्मिथ यांनी त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर माणसं, जागा आणि प्रसंग काढले. म्हणूनच हा कॅट चिंतनाला उपयोगी पडतो. नुसत्या आठ नाण्यांकडे पाहून काही सुचत नाही. छिन्नी-हातोडा घेऊन नाणं घडवत बसलेला तरुण पाहिला की लगेच स्वतःचं काम आठवतं.

चित्रांचे पत्ते आपल्याला नवे नाहीत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १२० गोल पत्त्यांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पत्ते, त्यांत राजा आणि प्रधान. आपल्याकडेही ते खेळण्यासाठीच होते.

पत्त्याला भविष्य विचारू नका

ही अट पहिली आणि सर्वांत महत्त्वाची आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या महाराष्ट्रात आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलं, जिथे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे टॅरोबद्दल लिहिणाऱ्याने हे आधी स्पष्ट करायला हवं. पिसलेल्या कॅटमधून कोणता पत्ता निघणार, हा निव्वळ योगायोग आहे. तो पत्ता तुम्हाला ओळखत नाही. तुमची परीक्षा, तुमचं लग्न, तुमची तब्येत यांची त्याला काही खबर नाही.

मग पत्ता इतका ‘लागू’ कसा पडतो? याचं उत्तर १९४८ सालच्या एका प्रयोगात आहे. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. खरं तर सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. मोघम वाक्यात आपला अर्थ आपणच भरतो. पत्त्याच्या चित्राचंही तसंच आहे. ज्योतिषी हा अर्थ तुम्हाला विकतो. आपल्याला तो फुकट आणि उघड्या डोळ्यांनी वापरायचा आहे: चित्र पाहून माझ्या मनात काय आलं, ते का आलं, आणि त्यातून उद्याच्या सरावासाठी काय घ्यायचं.

आणखी एक हिशेब आधीच माहीत असू द्या. रोज पूर्ण कॅट पिसून एक पत्ता काढला, तर अकरा दिवसांत एखादा पत्ता दुसऱ्यांदा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. महिनाभरात तसं होणं जवळजवळ ठरलेलंच. तेव्हा ‘तोच पत्ता पुन्हा आला, यात काहीतरी संकेत आहे’ असं वाटलं, की हा हिशेब आठवा. पुन्हा आलेल्या पत्त्याचा उपयोग एवढाच: मागच्या वेळी त्याच चित्राकडे पाहून तुम्ही काय लिहिलं होतं ते उघडा, आणि तेव्हाचं काम झालं का ते तपासा.

तयारी

लागतं फार थोडं. एक कॅट, एक साधी शंभर पानी वही, एक पेन आणि रोजची ठरलेली दहा मिनिटं. कॅट घेताना लहान पत्त्यांवरही प्रसंगचित्रं असलेला घ्या. रायडर-वेट-स्मिथ पद्धतीचा कॅट असेल तर उत्तम. कॅट दुसऱ्याने भेट दिलेलाच हवा, तो रेशमी कापडात गुंडाळला पाहिजे, बाहेरच्या कोणी हात लावता कामा नये, अशा समजुती ऐकायला मिळतील. आपल्या कामाशी त्यांचा संबंध नाही. पत्ते स्वच्छ ठेवा, एवढं पुरे.

वही कोणत्या भाषेत लिहायची? ज्या भाषेत मनाशी बोलता, त्या भाषेत. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येतात. पुष्कळ जणांची घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी. स्वतःची वही घरच्या भाषेत लिहिली तर माणूस खरं लिहितो.

वेळ सराव संपल्यानंतरची निवडा. तबल्यावरचा घाम पुसला, पुस्तक मिटलं, की लगेच. झोपण्याआधी लिहू म्हटलं तर दिवसभराचा शीण मध्ये येतो आणि नोंद ‘आज कंटाळा आला’ एवढीच उरते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि बऱ्याच जणांचा सराव पहाटेवर सरकतो. मग वहीही पहाटेवर सरकवा. वही सरावाच्या मागोमाग राहिली पाहिजे.

रोजच्या पाच पायऱ्या

पहिली पायरी: आधी नोंद, मग पत्ता. दिनांक टाका आणि आजच्या सरावाची वस्तुस्थिती दोन-तीन ओळींत लिहा. किती वेळ बसलात, काय केलंत, कुठे अडलात. विशेषणं नकोत. ‘वाईट झालं’ असं न लिहिता ‘तिसऱ्या आवर्तनाला हात अडखळला’ असं लिहा. हा क्रम मोडू नका. पत्ता आधी उघडला, तर दिवसाची आठवण त्या चित्राप्रमाणे वाकते. भयंकर चित्र निघालं तर चांगला दिवसही वाईट वाटू लागतो.

दुसरी पायरी: पिसा आणि एकच पत्ता काढा. पत्ते पालथे धरून नीट पिसा, मधून कापा, वरचा पत्ता उताणा करून समोर ठेवा. सुरुवातीचे काही महिने सगळे पत्ते सुलट धरा. उलट्या पत्त्यांचे वेगळे अर्थ लावण्याची गरज नाही. आणि निघालेला पत्ता आवडला नाही म्हणून दुसरा काढायचा नाही. सबुरीची वही लिहायला बसल्यावर पहिली सबुरी इथेच लागते.

तिसरी पायरी: चित्र पाहा. अर्थाचं पुस्तक किंवा मोबाइल उघडू नका. चित्रात दिसणाऱ्या तीन गोष्टी शब्दांत लिहा. माणूस उभा आहे की बसलेला? हातात काय आहे? पाठीमागे काय आहे? डोळ्यांना ही सवय लागली की स्वतःच्या सरावातलेही बारकावे दिसू लागतात.

चौथी पायरी: चित्रातून एक प्रश्न काढा. प्रश्न आजच्या सरावाबद्दलचा हवा आणि त्याचं उत्तर तुमच्या हातात असलं पाहिजे. ‘मी पास होईन का?’ हा प्रश्न बाद. ‘आज मी कोणता धडा टाळला?’ हा प्रश्न चालेल.

पाचवी पायरी: एका ओळीचं उत्तर आणि उद्याचं एक काम. उत्तर एका ओळीत बसवा. त्याखाली उद्याचं काम लिहा, वेळ आणि जागेसकट. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे की ‘मी जास्त अभ्यास करीन’ अशा इराद्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी बसलो की अमुक करीन’ असं ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ‘उद्या डाव्या हाताकडे लक्ष देईन’ असं न लिहिता ‘उद्या सहाला बसल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त डावा हात’ असं लिहा.

एवढं झालं की वही मिटा. पत्त्याचा अधिकार तिथे संपला. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या मागावर उतरते, तेव्हा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागावर फिरत असते. एक पत्ता बाण्याच्या एका आडव्या धाग्यापुरतंच सांगतो: या खेपेला ताण्याचे कोणते उभे धागे वर उचलायचे. पूर्ण मोर किंवा पूर्ण फूल कोणत्याही एका पत्त्यात नसतं. तुमच्या समोरचा पत्ताही एका दिवसापुरताच वाचा. त्यावरून महिन्याचा, वर्षाचा, आयुष्याचा निवाडा करू नका.

पाठांतराशिवाय पत्ते कसे वाचायचे

७८ अर्थ पाठ करायची गरज नाही. सरावाच्या वहीसाठी सोपी आखणी पुरते. चार रंगांना चार प्रश्न जोडून टाका. काठ्या आल्या तर उत्साहाचा प्रश्न: आज सुरुवात कशी केली, जोर कुठे लागला, कुठे वाया गेला? पेले आले तर मनाचा: सराव करताना काय वाटत होतं, कोणाशी तुलना चालू होती? तलवारी आल्या तर विचारांचा: स्वतःशी काय बोलत होतो, कोणती चूक डोक्यात घोळत राहिली? नाणी आली तर हाताचा: शरीर, वेळ, साधनं आणि पैसा यांची व्यवस्था कशी होती?

आकड्यांना सरावाचे टप्पे जोडा. एक्का, दुर्री, तिर्री म्हणजे सुरुवात. चौकी, पंजी, छक्की म्हणजे बस्तान बसताना येणारे चढउतार. सत्ती, अठ्ठी, नव्वी म्हणजे लांब पल्ल्याचा कंटाळवाणा भाग. दश्शी म्हणजे एक फेरा पूर्ण. दरबारी पत्त्यांत पेज हा शिकणारा, नाईट हा निघालेला, राणी सांभाळणारी आणि राजा ठरवणारा. आज या चौघांपैकी मी कोण होतो, एवढं विचारलं तरी पान भरतं.

ही आखणी आपल्या सोयीची आहे. ती पवित्र नाही. तुमच्या कामाला दुसरी बसत असेल तर ती वापरा.

सबुरी शिकवणारे काही पत्ते

काही पत्त्यांची खास ओळख करून देतो, कारण सरावाशी त्यांचं नातं जवळचं आहे.

नाण्यांची अठ्ठी. एक तरुण बाकावर बसून छिन्नी-हातोड्याने नाणं घडवतो आहे. घडवून झालेली नाणी शेजारच्या खांबावर ओळीने लावली आहेत. गाव मागे दूर दिसतं. त्याची नजर फक्त हातातल्या नाण्यावर आहे. प्रश्न: आजचा सराव करताना माझी नजर हातातल्या कामावर किती वेळ होती, आणि खांबावरच्या नाण्यांवर किती वेळ?

नाण्यांची सत्ती. शेतकरी अवजारावर रेलून झुडपाला लागलेल्या नाण्यांकडे बघतो आहे. पीक आहे, पण काढणी झालेली नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. पेरा पावसाळ्याच्या शेवटी आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर. मधल्या महिन्यांत शेतकरी कणीस ओढून लांब करत नाही, आणि रान सोडूनही जात नाही. कोळपणी असते, राखण असते. प्रश्न: माझ्या सरावात सध्या जोर लावायचे दिवस आहेत की राखणीचे? राखणीचे असतील तर आज राखण केली का?

टेंपरन्स, क्रमांक चौदा. देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततो आहे. एक पाय जमिनीवर, एक पाण्यात. प्रश्न: आज प्रमाण कुठे बिघडलं? लय जास्त आणि स्वच्छता कमी, वाचन जास्त आणि उजळणी कमी, असं काही झालं का?

स्ट्रेंग्थ, क्रमांक आठ. एक स्त्री सिंहाच्या जबड्यावर हात ठेवून उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर त्रागा नाही. प्रश्न: अडल्यावर मी स्वतःवर चिडलो की शांतपणे तोच भाग पुन्हा घेतला?

हँग्ड मॅन, क्रमांक बारा. माणूस एका पायाने उलटा टांगलेला आहे, पण चेहरा शांत आहे. प्रश्न: जे माझ्या हातात नाही, त्याच्याशी आज मी किती भांडलो? वीज गेली, शिक्षक आले नाहीत, निकाल लांबला. त्या वेळात दुसरं काय करता आलं असतं?

नाण्यांचा नाईट. चारही नाईटांमध्ये याचाच घोडा थांबलेला आहे. मागे नांगरलेलं रान दिसतं. प्रश्न: वेग नसताना मी माझ्या जागी टिकून राहिलो का?

तलवारींची चौकी. एक योद्धा हात जोडून निश्चल पडला आहे, तीन तलवारी भिंतीवर, एक खाली. हा विश्रांतीचा पत्ता. प्रश्न: आज थांबणं गरजेचं होतं का, आणि ते मी टाळलं का?

आता ज्यांची भीती वाटते ते पत्ते. डेथ, क्रमांक तेरा: पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, आणि दूर दोन बुरुजांमध्ये सूर्य. हा पत्ता कोणाच्या मरणाची सूचना देत नाही. प्रश्न एवढाच: कोणती जुनी सवय आता सोडायला हवी? टॉवर, क्रमांक सोळा: वीज पडून कोसळणारा मनोरा. प्रश्न: पाया कच्चा असताना मी काय वर चढवलं? तलवारींची नव्वी: अंथरुणात उठून बसलेला, चेहरा झाकलेला माणूस. प्रश्न: रात्री कोणती काळजी झोप मोडते, आणि ती कागदावर उतरवून कोणाशी बोलता येईल का? चित्र पाहून छातीत धस्स झालं, तर तेही लिहा. भीतीचं कारण पत्त्यात सापडणार नाही. ते दिवसभरात कुठेतरी असतं.

नमुन्याच्या तीन नोंदी

तबला शिकणारा. नोंद: तीनतालातला कायदा, चाळीस मिनिटं. बराबर लयीत स्वच्छ, दुगुनीत डग्गा मागे पडला. पत्ता: तलवारींचा नाईट. दिसलं: घोडा भरधाव, झाडं वाकलेली, तलवार पुढे. प्रश्न: आज मी कशाच्या मागे धावलो? उत्तर: कायदा हातात बसायच्या आत लय वाढवली. उद्याचं काम: सहाला बसल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त डग्ग्याचे बोल, दुगुन अजिबात नाही.

स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी. नोंद: सकाळी इतिहास, मग राज्यघटना, मग अंकगणित, मग चालू घडामोडी. कशातलंच प्रकरण पूर्ण नाही. पत्ता: काठ्यांची दश्शी. दिसलं: दहा काठ्यांचा भारा, माणूस वाकलेला, समोरचं गाव त्याला दिसत नाही. प्रश्न: यातल्या कोणत्या काठ्या आज खाली ठेवता आल्या असत्या? उत्तर: मागे पडल्याच्या भीतीने सगळं एकदम उचललं. उद्याचं काम: सकाळी आठला अभ्यासिकेत बसल्यावर राज्यघटनेचं एकच प्रकरण, आणि त्यावरचे वीस प्रश्न सोडवल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही.

गुडघ्याचे व्यायाम करणारे आजोबा. नोंद: तीनऐवजी पाच वेळा व्यायाम केला, संध्याकाळी सूज. पत्ता: तलवारींची चौकी. प्रश्न: आज थांबणं टाळलं का? उत्तर: फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या मापापेक्षा जास्त केलं, लवकर चालता यावं म्हणून. उद्याचं काम: सकाळी दहाला फोन करून सूज आल्याचं सांगायचं आणि ते सांगतील तेवढंच करायचं.

तिन्ही नोंदींत एक गोष्ट पाहा. उत्तर पत्त्याने दिलेलं नाही. ते पहिल्या नोंदीतच होतं. पत्त्याने फक्त तिथे बोट ठेवायला लावलं. म्हणून पहिली नोंद खरी आणि नेमकी असली पाहिजे. ती खोटी असेल तर पुढचं सगळं पोकळ होतं.

आठवड्याचा आणि महिन्याचा आढावा

रविवारी नवा पत्ता काढू नका. त्याऐवजी आठवड्यातली पानं वाचा. आधी ‘उद्याचं काम’ या ओळींवर खुणा करा: झालं, अर्धवट, राहिलं. एकच काम तीनदा राहिलं असेल, तर ते मोठं आहे. त्याचे तुकडे करा. अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटं ठेवा. मग ‘कुठे अडलो’ या ओळी सलग वाचा. एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. ती घेऊन गुरूंकडे, शिक्षकांकडे किंवा डॉक्टरांकडे जा. ‘माझं काही जमत नाही’ असं म्हणणाऱ्या शिष्यापेक्षा ‘दुगुनीत डग्गा मागे पडतो, आठवडाभर लिहून ठेवलंय’ असं म्हणणाऱ्याला गुरू अधिक नेमकं शिकवू शकतात.

महिन्याच्या शेवटी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून वाचा. कोणते पत्ते जास्त आले हे मोजू नका. तो योगायोगाचा हिशेब आहे. सराव किती दिवस झाला, अडचणींचं वर्णन मोघमावरून नेमकं झालं का, हे पाहा. प्रगती आधी भाषेत दिसते. ज्याला आपली चूक नीट सांगता येते, त्याला ती दुरुस्तही करता येते.

कुठे थांबायचं

काही मर्यादा काटेकोरपणे पाळा. शस्त्रक्रिया, औषधं, कर्ज, नोकरी सोडणं, लग्न यांचे निर्णय पत्त्यावर घेऊ नका. दुसऱ्यासाठी पत्ता काढू नका, विशेषतः मुलांसाठी. बारावीच्या मुलापुढे टॉवरचा पत्ता ठेवून त्याला प्रश्न विचारणं क्रूरपणाचं आहे. पैसे घेऊन दोष सांगणाऱ्या आणि त्यावर उपाय विकणाऱ्या कोणाकडेही जाऊ नका.

दिवसातून अनेकदा पत्ता काढावासा वाटू लागला, पत्ता पाहिल्याशिवाय सरावाला बसवेना, किंवा निघालेल्या चित्राने दिवसभर धास्ती वाटू लागली, तर कॅट कपाटात ठेवा आणि नुसती वही चालू ठेवा. उदासी हटत नसेल, झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो वहीचा विषय राहत नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पत्ते नको असतील तर

काहींना टॅरो परका वाटेल, काहींना त्याच्याभोवतीच्या भविष्यवाणीमुळे तो घरात नको असेल. त्यांचं म्हणणं योग्यच आहे. या पद्धतीचा जीव पाच पायऱ्यांत आहे, कॅट बदलला तरी ती चालते. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, दासबोधाचे समास २००. आकड्यांच्या चिठ्ठ्या करून रोज एक काढा, तो श्लोक किंवा तो समास वाचा आणि त्यातून प्रश्न काढा. कन्नड येत असेल तर सिद्धरामेश्वरांची, म्हणजे ज्यांची गड्डा यात्रा भरते त्याच सिद्धेश्वरांची, वचनं घ्या. स्वतः तळं खोदायला राबलेल्या या शिवयोग्याला सोलापूर कर्मयोगी म्हणून ओळखतं. तेही नको असेल तर जुन्या पोस्टकार्डांवर स्वतःच्या सरावातले वीस-पंचवीस प्रश्न लिहून घरचा कॅट बनवा. मुलांबरोबर करायचं असेल तर हाच प्रकार सर्वांत चांगला.

धीर कुणाच्या स्वभावात आयता येतो आणि कुणाच्या येत नाही, असं आपण मानतो. पण धीर हाही सरावाचाच भाग आहे. आजचं काम पाहणं, त्यातली एक चूक नेमकी ओळखणं आणि उद्या तेवढीच सुधारायला बसणं, असे दिवस साठत गेले की लोक त्याला धीर म्हणतात. तेव्हा कॅट विकत घ्यायची वाट पाहू नका. तो पुढच्या आठवड्यात आला तरी चालेल. आज सराव संपला की वही उघडा, वर दिनांक टाका आणि आज नेमकं कुठे अडलात, ती एक ओळ खरी लिहा.